पाचवी काडी

पहिले दोन आठवडे मी मुलांना आकारांची नावंच शिकवत होते. मुलं पाच-सहा वर्षांची. तक्त्यावर बोट ठेवलं की एका सुरात "त्रिकोण!" म्हणायची. एकदा पुठ्ठ्याचा तोच त्रिकोण मी टोक खाली करून धरला, तर निम्मी मुलं म्हणाली, "ताई, हा त्रिकोण नाही. हा पडेल." नाव पाठ केलेलं होतं, पण 'पडेल' हे त्यांचं स्वतःचं होतं. मी तक्ता गुंडाळून ठेवला.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये लहान मुलांच्या आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्यांच्या पद्धतीत भिजवलेले वाटाणे आणि काड्या जोडून सांगाडे करायचा खेळ आहे. तोच घेतला. टोकदार काड्या म्हणून शेजारी बसून करून घेतला, आणि वाटाणे नाकाकानात जाणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

चार काड्यांचा चौकोन एका मुलीने बोटाने दाबला आणि तो कलंडला. "चौकोन झोपला!" त्रिकोण दाबला, तो हलेना. तिन्ही बाजू ठरल्या की कोन बदलायला जागाच राहत नाही. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहून कोन सरकतात. मी हे सांगणार होते, पण तेवढ्यात तिने पाचवी काडी तिरकी घालून पाहिली. ती पुरेना, कारण चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. मग तिने चौकोनच दाबत दाबत तिरका केला, काडी बरोबर बसेपर्यंत. दोन त्रिकोण तयार झाले आणि सांगाडा घट्ट झाला. मी गप्प राहिले, हे फार बरं झालं.

पदार्थांचे गुणधर्म मात्र जड गेले. मुलं सगळ्याला 'मजबूत' किंवा 'मऊ' म्हणून मोकळी होत. आकारामुळे काय होतं आणि कशाचं केलंय त्यामुळे काय होतं, हे वेगळं करून दाखवायचं होतं. दोन ठोकळ्यांवर सपाट कागद ठेवला. पेन्सिल ठेवताच तो वाकला. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या, तर पेन्सिल पेलली. कागद तोच, आकार बदलला. मग उलट केलं: कागदाच्या दोन सारख्या नळ्या उभ्या केल्या आणि एकीला ओलं केलं. थोड्या वेळात ती मान टाकून बसली. पाण्याने कागदातल्या तंतूंची एकमेकांवरची पकड सुटते. "आकार तोच होता ना?" मी विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "पण कागद आता दुसरा झाला."

दुसऱ्या दिवशी मुलं आधी सांगाड्यांकडेच धावली. वाटाणे सुकून आक्रसले होते. काल सहज निघणारी काडी एकाने ओढून पाहिली, निघेना.

"ताई, वाटाण्याने तिला धरून ठेवलंय!"