भांगाच्या दिवशी कुलाबा किल्ला: दोन मुलं, सासूबाई, लोकल, बोट आणि एसटी

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात, तिथे ओहोटी बघून जायचं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. कुठली ओहोटी, हे आम्हाला घोडागाडीच्या चाकाचा आस पाण्यात बुडाल्यावर कळलं.

आम्ही पाचजण. मी, नवरा, सासूबाई, सात वर्षांची मोठी आणि साडेतीन वर्षांचा धाकटा. राहायला ठाण्यात. गाडी नाही, म्हणजे दर दसऱ्याला घ्यायची ठरते आणि दिवाळीपर्यंत बारगळते. फेब्रुवारी संपता संपता एक शनिवार मोकळा मिळाला. रविवार मुद्दाम टाळला, कारण रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि गेटवेला जत्रा. मुलांना घेऊन लोकलने कुठे जायचं असेल तर शनिवार सकाळसारखी वेळ नाही. कचेऱ्यांची गर्दी निम्मी, फिरणाऱ्यांची अजून उठायची असते.

सासूबाईंचं माहेर रेवदंड्याचं. भरती-ओहोटीचं गणित त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे: तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, मधे बाराच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस ठरवायला पुरतं. आमचा शनिवार नेमका अष्टमीचा निघाला. मोबाइलनेही साडेबाराची ओहोटी दाखवली. बोटीने दहा-साडेदहाला अलिबाग, बाराला चालत किल्ला, दोनला जेवण. कागदावर तरी झकास बसत होतं.

आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, अष्टमी म्हणजे भांग." मी मोठीची वेणी घालत होते, मला वाटलं तिचा भांग वाकडा पडलाय म्हणतायत. तो मी नीट काढून दिला आणि विषय तिथेच संपला.

ठाण्याहून जाणार असाल तर ठाण्यातूनच सुटणारी धीमी लोकल धरा. कल्याण-कर्जतकडून येणारी जलद गाडी वीसेक मिनिटं वाचवते, पण ती भरून येते, आणि पोराला कडेवर घेऊन वाचवलेल्या वीस मिनिटांना काही अर्थ नाही. धीमीत चढल्या चढल्या खिडकी मिळते. तासाभरात सीएसएमटी. तिकीट माणशी १५ रुपये, पाचच्या आतल्या मुलांना फुकट, पाच ते बाराला अर्धं. मोठीने मुलुंडपासून स्टेशनांच्या पाट्या वाचायला घेतल्या आणि मशीद बंदर येईपर्यंत डबा तिला ओळखायला लागला होता.

सीएसएमटीला उतरलात की आधी सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा. "मला नाही आली" हे ऐकून घेऊ नका. पुढे बोटीत चढून मांडव्याला, म्हणजे पलीकडच्या अलिबागच्या बाजूच्या धक्क्याला, उतरेपर्यंत सोय होईल या भरवशावर लहान मुलाला नेणं म्हणजे जुगार आहे. बाहेरून गेटवेकडे जाणारी बेस्ट मिळते. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, मोठ्यांना चालण्यासारखं, पण मुलांचे पाय अलिबागच्या वाळूसाठी राखून ठेवलेले बरे.

गेटवेला मांडव्याच्या बोटींच्या तिकिटखिडक्या शेजारी शेजारी आहेत. दर माणशी दोनशेच्या आगेमागे, वरच्या डेकवर बसायचं असेल तर थोडे जास्त. मुलांसाठी ते थोडे जास्त जरूर द्या. खाली काचेआडून काही दिसत नाही आणि डिझेलच्या वासाने पोट ढवळतं. याच तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही येते, म्हणून मांडव्याला उतरलात तरी तिकीट टाकायचं नाही. आम्ही ते धाकट्याच्या हातात दिलं, म्हणजे तो जिन्यावर गप्प राहील. तो गप्प राहिला. मांडव्याला बसच्या दारात मी हात पुढे केला तेव्हा तिकिटाचा एक कोपरा नाहीसा होता आणि उरलेलं ओलं होतं. तपासणाऱ्या माणसाने ते दोन बोटांत धरून उन्हात बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "नाश्ता झाला का?"

बोटीत चढायच्या पायऱ्या ओल्या असतात आणि बोट वरखाली होत असते. इथे एका मोठ्या माणसाकडे एकच मूल, हा नियम पाळा. बॅगा पाठीवर, हात मोकळे. बाबागाडी आणू नका, ती कुठेच चालत नाही; इथे नाही, लोकलमध्ये नाही आणि वाळूत तर नाहीच. सासूबाईंना बोटीवरच्या पोरांनी दोन्ही हात धरून अलगद चढवलं.

पुढचा तासभर म्हणजे पैसे वसूल. ताज मागे सरकतं, नौदलाच्या करड्या बोटी, लांबवर नांगरलेली तेलाची जहाजं, आणि हिवाळाभर सोबतीला येणारे सीगल. लोक त्यांना गाठ्या आणि कुरकुरे भिरकावतात, आणि पक्षी हवेतल्या हवेत झेलतात. मुलांना मोह होतो. आम्ही दिलं नाही, मोठीने अर्धा तास तोंड फुगवलं. आम्ही मुंबईच्या कुलाब्याहून अलिबागच्या कुलाब्याला चाललोय, आणि १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं, असं नवरा तिला समजावत होता. ती म्हणाली, "मग निघालो कशाला?"

ज्यांना बोट लागते त्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये आणि भरल्या पोटीही येऊ नये. कोरडी पोळी, आवळा सुपारी, लिंबू. पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोठी रो-रो सुटते, ती कमी हलते, पण तिथे पोचायला टॅक्सी करावी लागते आणि पलीकडे अलिबागची बस आपली आपण बघायची.

मांडव्याच्या जेटीवर उतरलात की रेंगाळू नका. जेटी लांबलचक आहे आणि बस बोटीच्या माणसांसाठीच उभी असते. आम्ही सासूबाईंना आणि मुलांना पुढे घातलं, नवरा धावत जाऊन जागा धरायला. चोंढी, थळ करत पाऊण तासात अलिबाग. वाटेत नारळीपोफळीच्या वाड्या. धाकटा झोपला.

एसटी स्टँडजवळून किनारा चालत पंधरा मिनिटांवर. आम्ही साडेअकराला पोचलो. किल्ला समोर, पाणीही समोर. साडेबारापर्यंत उतरेल म्हणून मुलांना वाळूत सोडलं. साडेबारा वाजले. पाणी हटलं होतं, पण किल्ल्यापर्यंतचा पट्टा काही उघडा पडेना. चार कॉलेजची पोरं मांड्यांपर्यंत भिजत चालली होती. सासूबाई पदर कानामागे खोचून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भांगाचं पाणी. पुरतं सुटायचं नाही. काल सांगितलं की."

तेव्हा तिथेच बसून त्यांच्याकडून शिकले ते असं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण: भरती मोठी, आणि ओहोटीलाही पाणी लांबवर मागे जातं. अष्टमीच्या आगेमागे भांग: भरती बेताची, ओहोटीही बेताची. मोबाइलवर वेळेच्या शेजारी मीटरमध्ये आकडा असतो, तो आम्ही कुणी वाचलाच नव्हता. आमच्या दिवशी तो १.८ होता. पुढच्या वेळी एकच्या खालचा आकडा बघूनच निघणार. आता यातली मेख अशी की ऐन पौर्णिमेला जावं तर तिथीच्या हिशोबाने ओहोटी संध्याकाळी पाचनंतर, म्हणजे मुलांना घेऊन परतायची पंचाईत. सासूबाईंच्या मते लेकुरवाळ्यांना दशमी-एकादशी बरी. दशमीची पाऊणपट साडेसात, म्हणजे ओहोटी दीड-पावणेदोनला, आणि भांग मोडून पाणी उतरायला लागलेलं असतं.

शेवटी घोडागाडी केली. जाऊन-येऊन किती आणि किल्ल्यावर किती वेळ थांबणार, हे चढायच्या आधी ठरवून घ्या. पाणी चाकाच्या आसाला लागलं, पुढे घोड्याच्या पोटाला, आणि मुलांनी जी किंकाळी फोडली ती आनंदाची होती. माझी नव्हती.

किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला, पुढे आंग्र्यांचं आरमार इथून चाललं. महादरवाज्यावर वाघ, हत्ती, मोर कोरलेत. धाकट्याला तेवढ्यावर दहा मिनिटं गुंतवता येतं. तटाचे मोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट फटीत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. मोठीने फटीत हात घालून बघितला, आत एक खेकडा होता, तोही मागे सरला. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं, गणपती पंचायतन. जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी. चहूबाजूंनी समुद्र असताना हे पाणी गोडं कसं, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाला नीट देता आलं नाही. उत्तरेच्या टोकाला चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव आणि १८४९ हे साल. आंग्र्यांचं संस्थान १८४० मध्येच खालसा झालं होतं, तेव्हा या तोफा काही त्यांच्या नव्हेत. मुलं चढतात, चढू देऊ नका. लोखंड दुपारी तव्यासारखं तापतं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, पंधराच्या आतल्या मुलांना लागत नाही. सावली जवळपास नाही, टोप्या आणि माणशी एक लिटर पाणी हवंच. आमचा गाडीवाला पाऊण तासाने हाका मारायला लागला, आणि ते ऐकावं. भरती लागली की पाणी पाठीमागून भरतं, समोर बघणाऱ्याला कळत नाही.

जेवण गावातल्या खानावळीत. मोठ्यांना सुरमईची थाळी, मुलांना वरणभात आणि तांदळाची भाकरी. तिखट रश्श्यातला बटाटा धुऊन देण्यापेक्षा आधीच साधं वरण आहे का विचारा. किनाऱ्यावर कपडे बदलायला आडोसा शोधत बसलो, त्याऐवजी खानावळीत विचारलं असतं तर काम झालं असतं. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे, तिथे दहा मिनिटं थांबलो. चुंबकीय वेधशाळा नुसती बाहेरून दाखवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी तिथल्या वेधशाळेतल्या चुंबकाच्या सुया हलणार, म्हणून ते काम अलिबागला आणलं आणि १९०४ पासून ते इथे चालतं. मोठीला हे फार पटलं. तिच्या मते धाकट्यासाठीही अशी सोय असावी.

परतीला बोट की एसटी, यावर घरात वाद झाला. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांनी बोटीनेच परतावं, फक्त शेवटची बोट आणि तिची अलिबागहून सुटणारी बस किती वाजता, हे सकाळीच खिडकीवर विचारून ठेवावं. ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईवाल्यांना माझा सल्ला एसटीचा. घड्याळाचा धाक नाही, मुलं झोपली तर दोन तास हलवावी लागत नाहीत. पोयनाड, वडखळ, पेण करत पनवेल, आणि पनवेलहून ठाण्याची लोकल. पनवेल स्टँड ते रेल्वे स्टेशन रिक्षा करा. शिवाय हिशोब बघा: बायकांना अर्धं तिकीट, मोठीला अर्धं, धाकटा पाचच्या आत म्हणून फुकट. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं, आणि उभा राहिला तोही तोच, वडखळपर्यंत. सासूबाईंचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवलं होतं, कंडक्टरने मागितलं नाही. सुटायच्या आधी डेपोतल्या स्वच्छतागृहात पुन्हा एक फेरी.

बॅगेत काय हवं, तर प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे (एक पाण्यासाठी, एक उलटीसाठी), दोन प्लास्टिकच्या पिशव्या, जुना टॉवेल, शेंगदाण्याचे लाडू. खेळणी नेली ती उघडलीच नाहीत. जागा ठेवा ती पांढऱ्या कांद्यासाठी. फेब्रुवारी-मार्चात अलिबागचा कांदा माळा करून टांगलेला असतो. सासूबाईंनी दोन माळा घेतल्या, घासाघीस करून. पनवेलच्या लोकलमध्ये त्या वरच्या कड्यांना अडकवल्या होत्या, आणि ऐरोलीला चढलेल्या एका बाईंनी भाव विचारला. सासूबाईंनी खरा भाव सांगितला नाही, दहा रुपये कमी सांगितला.

घरी आल्यावर त्या कालनिर्णय घेऊन बसल्या. पुढची शनिवारची दशमी मोठीच्या परीक्षेत गेली. रविवारी एकादशी एक सापडली आहे. मेगाब्लॉक असेल, पण पनवेलमार्गे एसटीने जाता येईल. त्यांचा उपवास आहे, तेव्हा डब्यात साबुदाण्याची खिचडी.