फळ्यावरचे ४६

स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा चिटणीसांनी आधीच बजावलं, "तुझं ते लॅबचं जरा सोपं करून लिही हं." बघतो जमतं का.

दहावीला आनुवंशिकता शिकवताना सरांनी फळ्यावर ४६ चा आकडा काढला, माणसाच्या पेशीतल्या गुणसूत्रांचा, म्हणजे जनुक वाहणाऱ्या धाग्यांचा. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "माणूस हुशार म्हणून त्याची गुणसूत्रं जास्त का, सर?" सर म्हणाले, "बटाट्याची ४८ आहेत. त्यालाच विचार." हशा ओसरल्यावर खिडकीबाहेरच्या डोंगराकडे हात करत म्हणाले, "आणि त्या रानातल्या भेकराच्या मादीत फक्त ६, नरात ७."

सस्तन प्राण्यांत या हरणाहून कमी कुणाचीच नाहीत. वुर्स्टर आणि बेनिर्श्के या संशोधकांनी ते १९७० मध्ये छापलं. आमच्या आडगावात सरांना कुठून कळलं, देव जाणे. इतकी कमी का, ते मला एमएस्सीला समजलं. भेकराच्याच भावकीतल्या चिनी भेकराची ४६ आहेत. आपल्याकडच्याच्या पूर्वजांत ती टोकाला टोक जुळत गेली. पाच-सहा वह्या एकत्र शिवून एक जाडजूड वही करावी, तसं. मजकूर बराचसा तोच.

माझं पोट या शिवणीवरच चालतं. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, विभाजनाच्या मध्यावर थोपवायच्या, थेंब वरून थंड, ओल्या काचेवर सोडायचा, मग गिम्सा नावाच्या रंगाने गुणसूत्रांवर पट्टे उमटवायचे. नवा होतो तेव्हा फोटोतली गुणसूत्रं कात्रीने कापून, जोड्या लावून चिकटवायचो. पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर चिमुकलं एकविसावं टेबलाखाली!

वारंवार गर्भपात होणारी जोडपी येतात. त्यांच्यात कधी १३ आणि १४ क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना जुळलेली सापडतात. एकूण ४५, आणि माणूस ठणठणीत. जुळताना गळतात त्या गुणसूत्रांच्या आखूड बाजू, आणि त्यांवरचे जनुक इतर गुणसूत्रांवरही असतात. घोळ होतो पुढच्या पिढीसाठी वाटणी करताना. गर्भात एखादं जास्त जातं किंवा कमी पडतं.

सासूबाई सुनेला पुढे करतात, "हिचंच तपासा." आम्ही दोघांचंही रक्त घेतल्याशिवाय सोडत नाही. ४५ मुलाची निघाली की त्या चमकतात, "म्हणजे आमच्या घराण्यात?" हो, असू शकतं. म्हणून मग त्यांच्या सासरी गेलेल्या लेकीलाही तपासणीला बोलवावं लागतं.