मधला गडी

‘शाळेने मला काय दिले’ यावर स्मरणिकेसाठी लिहा, असा फोन आला तेव्हा मी बॉस्टनजवळच्या एका हायस्कूलच्या मैदानाबाहेर थंडीत कुडकुडत उभा होतो. धाकटा तिथे अमेरिकन फुटबॉल खेळतो, सेंटरच्या जागी. ओणवे होऊन दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरचा धिप्पाड गडी अंगावर घ्यायचा. चेंडू घेऊन पळतो दुसराच, टाळ्याही त्यालाच.

मी आपल्या पटांगणावर कबड्डीत डाव्या कोपऱ्याला असायचो. पी.टी.चे सर म्हणत, “चढाईवाल्याचं नाव पेपरात येतं, पकडणाऱ्याचे गुडघे फुटतात. काय पाहिजे ते आत्ताच ठरव.” मी गुडघे घेतले, कारण चढाईला दम पुरत नव्हता. त्यात थोरपणा काही नाही.

धाकट्याने इतिहासाच्या प्रकल्पाला आपल्याच जागेवरचा एक जुना खेळाडू निवडला, विल्यम हेन्री लुईस. जन्म १८६८, व्हर्जिनिया. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. १८९१ साली ॲमहर्स्ट कॉलेजच्या संघाचा कर्णधार. मग कायदा शिकायला हार्वर्डला गेला आणि तिथेही खेळला. एका कॉलेजातून पदवी घेऊन दुसऱ्याकडून खेळणे तेव्हा चालत असे. वजन जेमतेम ऐंशी किलो, सेंटरला कमीच. हेल्मेटही तेव्हा फारसे कोणी घालत नसे. तरी १८९२ आणि १८९३, दोन्ही वर्षी देशातल्या निवडक अकरांत त्याचे नाव आले. कृष्णवर्णीय खेळाडूला हा मान त्याआधी मिळाला नव्हता. पुढे हार्वर्डच्या संघाला त्याने कितीतरी वर्षे बचाव शिकवला, १८९६ मध्ये खेळावर पुस्तक लिहिले. १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला असिस्टंट ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारच्या न्याय खात्यातला वरिष्ठ वकील, नेमले. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेतून काढायची खटपट झालीच, ती फसली. १९१३ मध्ये त्याने पद सोडले. बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेही त्याच वर्षी.

मी अडकलो ते मात्र १८९३ पाशी. हार्वर्डच्याच गावात, केंब्रिजमध्ये, एका न्हाव्याने लुईसची दाढी करायला नकार दिला. ज्याचे नाव सगळ्या मैदानांवर घेतले जात होते, त्याची. लुईस थेट विधिमंडळापर्यंत गेला आणि मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली.

“बाबा, न्हावी असं नाही म्हणू शकतो?” धाकट्याने विचारले.

शाळेत नाव घालायच्या आदल्या दिवशी वडील मला तालुक्याला चालत घेऊन गेले होते, केस कापायला. दुकान गावातही होते, आमच्यासाठी नव्हते. हे मी पोराला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले, आणि त्याच्यापाठोपाठ साखळीची गोष्टही.

माझ्या शेजारचा गडी वरच्या आळीतला. सरावाच्या पहिल्या दिवशी त्याने माझे मनगट न धरता सदऱ्याची बाही धरली. चढाईवाला साखळी तोडून सुटला. सरांनी शिट्टी मारली. आम्हा दोघांकडे बघितले, कारण विचारले नाही.

“बाही फाटते, मनगट फाटत नाही. परत.”

अंधार पडेपर्यंत सरांनी आम्हाला वीसेक वेळा तरी ती साखळी धरायला लावली. बाहीचे बटण गेले ते गेलेच. आईला सांगितले, चढाईत तुटले.