दोन कंपन्या, पण खांब एकच

पुण्यात नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि दोन सहकारी, चार संगणक. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, ऑनलाइन भरायची शेवटची मुदत. चुकली की क्लायंटला रोजचे ५० रुपये विलंब शुल्क, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं. पैसे त्याचे जातात, विश्वास माझ्यावरचा जातो.

कोपऱ्यावर खोदाई सुरू होती तेव्हाची गोष्ट. १९ तारखेला दुपारी इंटरनेटच्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आम्ही रात्री अकरापर्यंत बसून रिटर्न भरले. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं, महिन्याला पाचशेचं. आता काळजी मिटली असं वाटलं.

दोन महिन्यांनी गल्लीत शिरलेल्या एका उंच टेम्पोत वरच्या केबल अडकल्या आणि तुटल्या. दोन्ही डब्यांवर लाल दिवा. दुरुस्तीला आलेल्या मुलाने वर बोट दाखवलं. "ताई, कंपन्या दोन असल्या तरी वायरी त्याच खांबावरनं येतात." इतके दिवस मी त्या खांबाखालून जात होते, पण एकदाही मान वर केली नव्हती. दुसरी लाइन घेण्याआधी प्रत्येकाने हे पाहावं असं मला मनापासून वाटतं: वायर कुठून येते, कोणत्या खांबावरून, इमारतीत कुठून शिरते. वाट एकच असेल तर दुसऱ्या लाइनचे पैसे वाया.

म्हणून ते फायबर बंद केलं आणि सिमवर चालणारा फोरजी राउटर घेतला. सिम मुद्दाम फायबरवाल्या कंपनीचं घेतलं नाही. पण वाड्याच्या भिंती दीड हात जाड. आतल्या खोलीत राउटरच्या पानावर सिग्नल उणे ११४ डीबीएम दाखवायचा, म्हणजे जेमतेम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). गल्लीकडच्या खिडकीत ठेवला तर उणे ९२. बावीस अंकांचा हा फरक फार मोठा असतो, पान उघडतं की नुसतं फिरत राहतं ते यावरच ठरतं. सिम घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांचे फोन त्याच खिडकीत ठेवून, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा वेग बघितला होता, ते उपयोगी पडलं.

दोन्ही लाइन एकत्र आणायला दोन वॅन पोर्टांचा, म्हणजे बाहेरच्या दोन इंटरनेट लाइन जोडता येणारा, राउटर लागतो. मी टीपी-लिंकचा ईआर६०५ घेतला. त्यात वायफाय नाही, तेवढ्यासाठी जुना राउटर ठेवला. दोन्ही लाइनवर काम वाटून देण्याची सोय त्यात आहे, पण ती मी वापरली नाही. मध्येच आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) बदलला की बँकेची साइट बाहेर काढते. फायबर मुख्य, सिम फक्त राखीव, असं ठेवलं.

यानंतर खरी अडचण आली. राउटरमधून फायबरकडची लॅन केबल उपटली की सिम लगेच चालू व्हायचं. पण डब्याची पिवळी फायबर काढली तर काहीच होईना, इंटरनेट ठप्प! दोन संध्याकाळी यात गेल्या. कारण असं, की बाहेर फायबर तुटली तरी डबा चालूच असतो, त्याच्या लॅन पोर्टचा दिवा जळत असतो. राउटरला वाटतं लाइन जिवंत आहे. त्याला बाहेरचा पत्ता सतत तपासायला सांगावं लागतं. मी गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता दिला. तिथून उत्तर आलं नाही की राउटर स्वतःहून सिमवर जातो. कुणी बसवून देणारा असेल, तर त्याला पैसे देण्याआधी लॅन केबल नको, फायबर काढून दाखवायला सांगा.

पहिल्याच खऱ्या वेळी रोजचा दीड जीबी डेटा दीड तासात संपला आणि वेग ६४ केबीपीएसवर आला. रिटर्न भरायला डेटा नगण्य लागतो. खाल्ला तो विंडोज अपडेटने आणि ड्राइव्हवर चढणाऱ्या स्कॅनच्या फायलींनी. ही दोन्ही कामं आता रात्री होतात.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की डबा आणि सगळे राउटरही बंद पडायचे, म्हणून तपकीर गल्लीतून त्यांच्यासाठी छोटे यूपीएस आणले. अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आधी वाचून जा, काही ९ चे असतात, काही १२ चे. संगणकांना इन्व्हर्टर होताच.

घरून ऑफिसचे कॅमेरे बघण्याची माझी जुनी सोय मात्र सिमवर चालत नाही. मोबाइल कंपनी एकच आयपी अनेकांना वाटून देते, त्यामुळे बाहेरून आत येता येत नाही. टॅलीसाठी एनीडेस्क, म्हणजे दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर, चालतं, कारण त्यात जोडणी आतून बाहेर जाते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी फायबर पाच मिनिटं काढून ठेवते आणि पोर्टल उघडतं का बघते. सिमच्या २८ दिवसांच्या रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेली असते, २० तारखेच्या शेजारी.