गाइमानचा पाट

दक्षिण अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात गाइमान नावाचं गाव आहे. तिथे जाणारे बहुतेक लोक वेल्श चहाघरांतल्या चहासाठी जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो, पण बसमधून उतरलो भर दुपारी, आणि अर्जेंटिनात दुपार म्हणजे झोप. सगळ्या चहाघरांची दारं बंद. तीन वाजेपर्यंत करायचं काय, म्हणून चालत सुटलो आणि गावाच्या कडेला पाट लागला.

माझं बालपण प्रवरेच्या कालव्यावर गेलं. पाट दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. दोन्ही काठांना उंच पॉप्लर, पलीकडे हिरवागार घास, आणि त्याच्याही पलीकडे उघडीबोडकी, पिवळट टेकाडं. इथे वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी पोचतं तिथवर गाव, पुढे पॅटागोनियाचं माळरान.

28 जुलै 1865 ला ‘मिमोसा’ नावाच्या जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची, पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर उतरली. इंग्रजीच्या रेट्यात आपली भाषा आणि आपलं चॅपेल, म्हणजे प्रार्थनाघर, टिकणार नाही, या धास्तीने निघालेली. अर्जेंटिना सरकारला पॅटागोनियावर हक्क सांगायला तिथे वस्ती हवीच होती, म्हणून जमीन मिळाली. आलेल्यांत शेतकरी थोडे, खाणकामगार वगैरेच जास्त. आणि वेल्समध्ये शेतीला पाणी देण्याची वेळ कोणावर येते? पहिली पिकं वाळून गेली. 1867 मध्ये रेचल जेन्किन्स या बाईच्या लक्षात आलं, की नदी शेतापेक्षा उंचावरून वाहते आहे, काठ फोडला की पाणी आपसूक रानात येईल. असं सांगतात, आणि मला ते पटतं. पाणी कुठून कुठे वळेल हे आमच्याकडेही आजीलाच आधी कळायचं. मग फावड्यांनी चाऱ्या खणल्या आणि पुढे याच खोऱ्यातला गहू परदेशी प्रदर्शनांत बक्षिसं घेऊन आला.

इथल्या मूळच्या तेहुएल्चे लोकांनी या मंडळींना शिकार शिकवली, मांस आणि पिसं देऊन पाव घेतला. त्या मैत्रीबद्दल इथे फार प्रेमाने बोलतात. मैत्री खरीच असेल. पण पुढे सैन्याने तेहुएल्चेंची वाताहत केली, आणि आज त्यांच्या भाषेतलं ‘गाइमान’ हे नाव तेवढं पाटीवर उरलंय. केकच्या तिसऱ्या तुकड्याला हे आठवलं की घास जरा अडतो.

पाटाच्या एका चारीवर एक आजोबा पिकाला पाणी देत, दारं धरून उभे होते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात फावडं. माझं स्पॅनिश ‘नमस्कार’ आणि ‘किती पैसे’च्या पुढे जात नाही. मी चारीकडे, मग स्वतःकडे बोट दाखवलं आणि हातानेच माती ओढल्यासारखं केलं. ते हसले आणि फावडं माझ्या हातात दिलं. मी एक वाफा भरू दिला, बांध घातला, पुढचं तोंड फोडलं. दुसऱ्या तोंडाला पाणी माझ्या अंदाजापेक्षा जोरात आलं आणि बुटांत शिरलं. आजोबा काहीतरी बोलले. ते स्पॅनिश होतं की वेल्श कोण जाणे, पण आमचा पाटकरी अशा वेळी जे म्हणायचा त्याच सुरात होतं.

तीन वाजता चहाघरात गेलो. क्रोशाचं झाकण घातलेली किटली, लोणी, जॅम, स्कोन आणि तो प्रसिद्ध काळा केक: अक्रोड, मनुका, मसाले, जड आणि दमट. लग्नातल्या अशा केकचा एक तुकडा डब्यात जपून लग्नाच्या वाढदिवसाला खायची इथे रीत आहे म्हणे. चहा मात्र, खरं सांगायचं तर, आलं नसल्यामुळे मला अर्धवटच वाटला.

मालकीणबाईंनी माझ्या बुटांकडे आणि मग त्यांच्या चकचकीत फरशीवर उमटलेल्या ठशांकडे पाहिलं.

“कनाल?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि जुनं वर्तमानपत्र आणून माझ्या पायांखाली पसरलं.