बांधावरची डिस्क

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटले की कोणालाही गोल्फ आठवत नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचे ते तोंडात बसलेले नाव, आणि तिथे आम्ही खेळलो ते क्रिकेट. त्यामुळे पुण्यात शिकणारा माझा भाचा दिवाळीत तीन रंगीत डिस्क, म्हणजे फेकायच्या चपट्या तबकड्या, घेऊन आला आणि “मामा, डिस्क गोल्फ खेळू या,” म्हणाला, तेव्हा गोल्फ क्लब सोडून आम्हाला मखमलाबादला जावे लागले. चुलतभावाच्या द्राक्षबागेला लागून तिथे एक पडीक तुकडा आहे. खऱ्या खेळात साखळ्या टांगलेली लोखंडी टोपली असते आणि कमीत कमी फेकींत डिस्क तिच्यात टाकायची असते. आम्ही टोपलीच्या जागी द्राक्षांचे क्रेट मांडले आणि हद्द म्हणून शेजारच्या आप्पांच्या शेताचा बांध धरला. बांधाला हद्द धरणारा माणूस शेतकरी नसतो, हे माझ्या भावाच्या चेहऱ्यावर तेव्हाच दिसले होते.

माझी तिसरी की चौथी फेक वाऱ्याने वळली आणि डिस्क बांधाच्या अगदी कडेला जाऊन पडली. मी धावत गेलो, ती उचलली, हात उंचावून “आत आहे!” असे ओरडलो. भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, तुम्ही हात लावला. आता ती बाहेर. दंडाची एक फेक वाढली.”

मला राग आला, कारण डिस्क खरोखरच आत होती. मात्र नियम वाचल्यावर (हा खेळ रुजवणाऱ्या एड हेड्रिक या अमेरिकी गृहस्थाने १९७६ साली खेळाडूंची संघटना काढली आणि आज तिचेच नियम सर्वत्र चालतात) रागाची जागा कुतूहलाने घेतली. डिस्क आत की बाहेर याची शंका असताना निर्णय होण्यापूर्वी ती फेकणाऱ्यानेच हलवली, तर ती बाहेर धरतात. गटातल्या दुसऱ्या कोणा खेळाडूने हलवली, तर आत. म्हणजे ज्याचा ज्या निकालात स्वार्थ, त्याने पुरावा हलवला तर निकाल त्याच्या विरुद्ध. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याचा निकाल असे. रडीचा डाव खेळणाऱ्याला इतका सरळ अटकाव आम्हाला कधी सुचला नव्हता.

रेषेचा हिशेबही मजेचा आहे. टेनिसमध्ये रेषेवर पडलेला चेंडू आत असतो. डिस्क गोल्फमध्ये रेषा स्वतःच बाहेरच्या भागात मोडते, पण डिस्क बाहेर ठरायला ती स्पष्टपणे आणि पूर्णपणे बाहेरच्या भागाने वेढलेली असावी लागते. कडेचा एखादा धागा आतल्या जमिनीवर असला तरी ती वाचते. मग वाकायचे, गुडघे टेकायचे, गवत न हलवता पाहायचे. पंच शेजारी असेलच असे नाही, म्हणून गटातल्या खेळाडूंच्या बहुमताने ठरते, आणि बहुमत होत नसेल तर शंकेचा फायदा फेकणाऱ्याला मिळतो. नियम माहीत असणे ही ज्याची त्याची जबाबदारी. “मला कोणी सांगितले नाही” या सबबीला तिथे किंमत नाही. गुणपत्रकावर चुकीचा आकडा सादर झाला, तर त्याचेही दोन फेकींचे भुर्दंड पडतात. ज्या गावात दुधाचा हिशेब दाराच्या कॅलेंडरवर दोघांच्या साक्षीने लिहिला जातो, तिथे हे मला काही परके वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा डिस्कपासून दोन पावले लांब, हात पाठीशी बांधून उभा राहिलो. भाचा अजून पोहोचायचा होता. तेवढ्यात पलीकडून आप्पा आले, त्यांनी वाकून डिस्क उचलली, झटकली आणि “ही तुमची थाळी,” म्हणत माझ्या हातात दिली.

आप्पा खेळाडू नव्हते, म्हणून दुसऱ्या खेळाडूने हलवल्याचा नियम त्यांना लागू होईना. भाच्याने मोबाईलवर शोधले: थांबलेली डिस्क अशी तिऱ्हाइताने हलवली, तर ती अंदाजाने मूळ जागी ठेवायची. मूळ जागा मात्र आप्पांनाच माहीत. त्यांना विचारले, तर त्यांनी बांधाच्या मधोमध पायाचा अंगठा रोवला.

“इथं. माझ्या हद्दीत.”

“आप्पा, बांध निम्मा आमचा आहे,” मागून भावाचा आवाज आला.

भाच्याने हळूच माझ्याकडे पाहिले. पुढचा अर्धा तास डिस्क माझ्या हातातच होती, आणि बांधाशी दोघेजण १९९० च्या दशकातल्या मोजणीचे दगड शोधत होते.