नवेगावबांधहून मालवणच्या पाण्याखाली: दिसलेला जीव ओळखायचा कसा

जानेवारीत मी आणि माझा पुतण्या मालवणला स्कूबा करून आलो. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, ढिवराच्या म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या घरचे. नवेगावबांधच्या तलावात बाबांसोबत जाळं ओढत मोठे झालो. मरळ, रोहू, कटला, वाम हे मासे अंधारात नुसत्या हातानेही ओळखता येतात. समुद्रात मात्र पहिल्या पाच मिनिटांत जे दिसलं, त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता आलं नाही. आपल्या भागातून कोणी जाणार असेल, तर ही तयारी घरूनच करून जावी म्हणून लिहितो आहे.

जाणं लांबचं, पण सरळ आहे. नागपूरहून मडगावकडे जाणारी विशेष गाडी कुडाळला थांबते. तिचे दिवस बदलतात, म्हणून आधी वेळापत्रक बघा. कुडाळहून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटीने जाता येतं. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ मिळतं.

पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक सोबत असतो. दमा, हृदयविकार किंवा कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर लपवू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. खाली जाताना कानावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची, दुखायला लागण्याच्या आधीच. आणि श्वास कधीच रोखून धरायचा नाही.

आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी सात-आठ मीटर खाली गेलो. माझ्या मनगटावर लाल दोरा होता. खाली पाहिलं तर तो काळपट तपकिरी! पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, त्यामुळे खाली दिसलेल्या रंगावर विसंबू नका. मापही फसवतं. मुखवट्याच्या काचेतून प्रत्येक गोष्ट सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. वितीएवढा वाटलेला मासा प्रत्यक्षात पाऊण वीत असतो.

मग बघायचं काय? बाबांचं उत्तर घरी आल्यावर मिळालं. आम्ही उत्साहाने रंग सांगत होतो, तर ते म्हणाले, "रंग रावू दे. तोंड कसं हाये ते सांग, शेपटी कशी हाये ते सांग."

पाण्याखाली काढलेला व्हिडिओ बघताना त्यांचं म्हणणं लगेच उपयोगी पडलं. आमच्याभोवती पिवळसर पाठीच्या, काळ्या उभ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा होता. हे सार्जंट मासे. त्यांच्यात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत. एका जातीच्या शेपटीच्या दोन्ही फाळ्यांवर काळी रेघ असते, दुसरीच्या नसते. पट्टे मोजले आणि शेपटी बघितली तरच फरक कळतो. आमच्या व्हिडिओत शेपट्या स्वच्छ दिसतात, रेघ नाही. ही गोष्ट खाली असतानाच बघायला हवी होती.

दुसरा जीव कपारीतून डोकं काढून तोंड उघडझाप करत होता. पुतण्या घाबरला. तो मोरे ईल, सापासारखा लांब मासा. तोंडाची ती हालचाल श्वासासाठी असते, धमकी नसते. कपारीत हात मात्र घालू नये. मी नावाड्याला म्हटलं, "वाम दिसला." कोकणातही वाम आहे, पण तो समुद्रातला, आपल्या तलावातला वाम वेगळाच. नाव एक, मासे दोन, आणि आम्ही पाहिलेला तिसराच! व्हिडिओ बघून बाबांनी बोट ठेवलं, "याले बाजूचे पंख नाही. हा वाम नोहे." बरोबर! मोरेला बाजूचे पंख नसतात, दोन्ही वामांना असतात. म्हणून स्थानिक नाव जरूर विचारा, लिहून घ्या, पण सोबत शास्त्रीय नावही शोधा. फुगणाऱ्या माशाला नावाड्याने केंड म्हटलं, तेही वहीत आहे.

पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत, नावेतच, सगळं लिहून काढा. तोंड वर वळलेलं की खाली, पट्टे उभे की आडवे, वाळूवर होता की खडकावर, एकटा की थव्यात. जेवण झालं की आठवणी एकमेकांत मिसळतात. चित्रीकरण करणाऱ्याला आधीच सांगा: माझा चेहरा कमी, मासा जास्त, आणि तोही बाजूने. मूळ फाइल मागून घ्या. नंतर आयनॅचरॅलिस्ट (iNaturalist) या जीवांच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावर फोटो, तारीख आणि जागा टाका. खात्री असेल तेवढंच नाव लिहा. नुसतं 'मोरे ईल' लिहिलं तरी जाणकार पुढे नेतात.

आमच्या नावेवरच्या लोकांनी पाव टाकून मासे गोळा केले, ते मला अजिबात आवडलं नाही. पावामागे धावणाऱ्या माशाची खरी सवय कळत नाही, आणि त्याचं ते खाणंही नव्हे. उतरण्याआधीच "पाव नको" असं सांगा. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. काहीही उचलू नका, खडकावर पाय टेकवू नका. लायनफिश या माशाच्या काट्यांना विष असतं. काटा लागलाच तर ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. परत विमानाने यायचं असेल तर एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या झाल्या असतील तर १८ तास थांबा.

एक जीव अजून अडला आहे. बोटभर, पांढरट, कडेला काळी रेघ, खडकावर सरकणारा. पाठीवर मागच्या बाजूला पिसासारखा कल्ल्यांचा तुरा असेल तर ती समुद्री गोगलगाय; कागदासारखा पातळ आणि तुरा नसेल तर चपटा कृमी. आमचा व्हिडिओ नेमका समोरून आहे. डिसेंबरात परत जायचं ठरलं आहे. पुतण्याने पाण्यात लिहिता येणारी प्लास्टिकची पाटी आणली आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहूनही ठेवलं: "पाठीवर तुरा आहे का?"